मराठी शाळांचा पट का घटतो? सीमाभागात सर्व्हे करताना कामाचा क्रम कसा ठेवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीतल्या कॉलेजांत बी.एड., एम.ए., समाजकार्य, पत्रकारिता शिकणाऱ्यांपैकी कुणीतरी हा विषय दरवर्षी घेतंच. प्रश्न चांगला आहे. पण तयार होणारे बहुतेक प्रबंध पहिल्या पानावर जे म्हणतात तेच शेवटच्या पानावर म्हणतात. ज्याला सरकारी धोरण दोषी वाटत होतं त्याला गावोगावी तेच सापडतं. ज्याला पालकांचं इंग्रजीचं वेड दोषी वाटत होतं त्यालाही आपलंच खरं ठरलेलं दिसतं. दोघांपैकी कुणी खोटे आकडे लिहिलेले नसतात. कामं उलट्या क्रमाने केलेली असतात, एवढंच. आधी गावात जाऊन आले, मग प्रश्न नक्की केले, उत्तरं वाचली आणि त्यानंतर ती कशी मोजायची ते ठरवलं.

मनातला पूर्वग्रह काढून टाका असा सल्ला इथे मिळणार नाही, कारण तो निघत नाही. पण तो कामात शिरतो त्या जागा ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी त्याला अडवायची एक वेळ असते. ती वेळ गेली की पुढे कितीही काळजी घेतली तरी भरून येत नाही. म्हणून खालचे टप्पे पुढे-मागे करू नका.

तयारी: गावात पाऊल टाकण्याआधी

तारखा आधी बघा. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषक काळा दिन पाळतात. १७ जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं ते बहुतेकदा डिसेंबरात, आणि त्या दिवसांत भाषेवरून वातावरण तापलेलं असतं. अशा वेळी "मुलाला कुठल्या माध्यमात घातलंत?" हा साधा प्रश्नही पालकाला निष्ठेची परीक्षा वाटतो, आणि उत्तरही तसंच येतं. या तारखांच्या आगे-मागे आठवडाभर आणि निवडणुकीच्या धामधुमीत सर्व्हेला घरोघरी जाऊ नका.

शेतीचं वेळापत्रकही बघा. खानापूर भागात जुलैत रोप लागवडीच्या वेळी दिवसा घरात फक्त म्हातारी माणसं भेटतात. चिकोडी, अथणी, रायबाग, कागवाड पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बाहेरून आलेल्या टोळ्या शेताकडेला खोपटी टाकून राहतात. त्यांची मुलं तुमच्या यादीत धरायची की नाही, हे आत्ताच ठरवून लिहा. गावात गेल्यावर ठरवलंत तर जी बाजू तुमच्या निष्कर्षाला सोयीची तीच धराल.

कागदपत्रं: कॉलेजचं पत्र, शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापक आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी, मुलांना काही विचारणार असाल तर पालकांची लेखी संमती. पंचायत अध्यक्ष आणि पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी भेटून या, पण घरं निवडायचं काम त्यांच्यावर सोपवू नका. याबद्दल तिसऱ्या टप्प्यात.

माणसं: कमीत कमी चौघं, त्यातले निदान दोघं कानडी सहज बोलणारे. एकट्याने केलेल्या सर्व्हेत पुढच्या निम्म्या तपासण्या करताच येत नाहीत.

टप्पा १: तुमचं उत्तर आधी कागदावर उतरवा

अर्ध्या पानावर लिहा: मला काय सापडेल असं वाटतं, का वाटतं, आणि काय दिसलं तर मी माझं मत बदलेन. तिसरं वाक्य लिहिताना बहुतेकांचा पेन अडतो. जिथे अडतो तिथेच बसा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर सर्व्हे करण्यात अर्थ नाही, सरळ लेख लिहा.

कागद पाकिटात घालून, तारीख टाकून गाईडकडे किंवा वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

यामागचं कारण पीटर वेसन यांनी १९६० साली लंडनमध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवलं. लोकांना २-४-६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. ते स्वतः तीन-तीन आकडे सुचवत आणि ते नियमात बसतात का ते त्यांना कळे. बहुतेकांनी ८-१०-१२, २०-२२-२४ असेच आकडे दिले, दर वेळी "बसतात" असं उत्तर आलं आणि "दोन-दोनने वाढणारे" हा नियम त्यांनी खात्रीने सांगितला. खरा नियम होता "चढत्या क्रमाचे कुठलेही तीन आकडे". १-७-५० असं काहीतरी विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. आपली कल्पना जिथे खोटी ठरू शकते तिथे फारसं कुणी गेलंच नाही.

म्हणून दुसरं काम: स्वतःच्या कारणाशी स्पर्धा करणारी निदान पाच कारणं लिहा. आपल्या भागात ती शोधायला लांब जावं लागत नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. इंग्लिश मीडियमची पिवळी बस दारात येते आणि मराठी शाळा ओढ्यापलीकडे. मोठी बहीण आधीच कानडी शाळेत आहे म्हणून धाकट्यालाही तिथेच. सरकारी नोकरीला कानडी लागेल ही धास्ती. कुटुंबच गोव्याला किंवा पुण्याला गेलं. आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण: गावात मुलंच कमी जन्मली.

या शेवटच्या कारणाचा हिशेब सर्व्हे सुरू होण्याआधीच करा. समजा एका गावात दहा वर्षांत पहिलीचा पट १८ वरून ९ वर आला. वर्तमानपत्रात "पट निम्म्यावर" अशी बातमी होईल. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्या वयाची मुलं पूर्वी ३० होती, आता २० आहेत. म्हणजे आधी शंभरातली ६० मुलं मराठी शाळेत जात, आता ४५ जातात. ओढा पाव हिश्श्याने घटला, निम्म्याने नाही. उरलेली घट गावात मुलंच कमी असल्याची आहे, तिचा माध्यमाशी संबंध नाही. हा भागाकार न करता "पालकांनी पाठ फिरवली" असं लिहिलेले प्रबंध कपाटभर सापडतील.

तपासा: पाकीट बंद झालं का? पाच पर्यायी कारणांपैकी प्रत्येकासाठी निदान एक प्रश्न किंवा एक नोंद फॉर्मात येणार आहे का?

टप्पा २: शब्दांची हद्द आखा

"मराठी शाळा" म्हणजे सरकारी, अनुदानित की दोन्ही? एकाच आवारात मराठी आणि कानडी वर्ग भरत असतील तर? "शाळा सोडली" म्हणजे दाखला काढून नेला, की पहिलीत घातलंच नाही? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि शाळेच्या रजिस्टरात फक्त दाखला काढल्याचंच दिसतं. जे मूल आलंच नाही त्याची नोंद शाळेत कुठून असणार?

इथेच सर्वांत मोठी चूक होते. विद्यार्थी मराठी शाळेत जातात, मुख्याध्यापक पालकसभा बोलावतात आणि तिथेच फॉर्म भरून घेतले जातात. समोर बसलेले सगळे पालक न सोडणारे. सोडून गेलेल्यांची कारणं राहिलेल्यांना विचारायची, आणि उत्तर "मातृभाषेचा अभिमान कमी झाला" असंच येणार. स्वतःला कोण असं म्हणेल? ते दुसऱ्यांबद्दल बोलत असतात. म्हणून सर्व्हे शाळेत न करता घरोघरी करा.

टप्पा ३: गावं आणि घरं सोडतीने काढा

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळातही बरी स्थिती असलेल्यांचे. त्यातही ज्यांना रूझवेल्टवर राग होता त्यांनीच जास्त उत्साहाने उत्तरं धाडली. वीस लाख हा आकडा कामी आला नाही.

आज हीच चूक व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून होते. "पाचशे जणांनी भरला" म्हणून तो प्रबंधात अभिमानाने छापला जातो. ग्रुप भाषेच्या चळवळीचा असेल तर एक उत्तर, माजी विद्यार्थ्यांचा असेल तर दुसरं. असा फॉर्म वापरूच नका.

गावं: तालुक्यातल्या गावांच्या तीन याद्या करा. हमरस्त्यावरची, आतली, आणि मळ्यांच्या किंवा जंगलातल्या वाड्यांची. प्रत्येक यादीतून चिठ्ठी टाकून गावं काढा. चिठ्ठीत आलेलं गाव गैरसोयीचं आहे म्हणून बदलू नका. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या बऱ्याच वाड्यांत बस जात नाही. म्हणूनच तिथली कारणं बसस्टँडजवळच्या गावांपेक्षा वेगळी असतात. पोचणं शक्यच नसेल तर ते अहवालात स्पष्ट लिहा. कागल सीमेजवळचं सोयीचं गाव त्या वाडीऐवजी घालू नका.

घरं: 'असर' या देशभरच्या शैक्षणिक पाहणीची पद्धत विद्यार्थ्यांना झेपण्यासारखी आहे. ही पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. तिची रीत अशी: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यापासून डाव्या हाताने चालत जायचं आणि दर पाचवं घर घ्यायचं, पाच घरं होईपर्यंत. तुमची गावं सहा-आठच असतील, चालेल. पण पाचव्या घराचा नियम मोडायचा नाही.

तो मोडायला लावणारे लोक प्रेमळ असतात, हीच अडचण. पंचायत अध्यक्ष म्हणतील, "चला, मी चांगल्या घरी नेतो, नीट माहिती देतील." चहा त्यांच्याकडे घ्या, घर नियमाने घ्या. नीट बोलणारं घर म्हणजे बहुतेकदा शिकलेलं, रस्त्याकडेचं आणि कुठल्यातरी गटातलं घर. गल्लीच्या टोकाचा वाडा, गवळ्यांची वस्ती, भाड्याने राहणारं कुटुंब अशा पद्धतीने कधीच येत नाही.

घराला कुलूप असेल तर तीन फेऱ्या, त्यातली निदान एक संध्याकाळी सातनंतर. तरीही कुणी भेटलं नाही तर "भेट नाही" असं लिहा. शेजारचं घर घेऊ नका. दिवसभर घरात असणारी माणसं आणि कामावर जाणारी माणसं मुलांच्या शाळेबद्दल सारखा विचार करत नाहीत. निपाणीत विड्या घरी वळणारी आई दुपारी भेटेल, कारखान्यावर जाणारा बाप भेटणार नाही.

सावधान: घरातलं कोण उत्तर देणार हेही सोडतीने ठरवा. बाहेरच्या पुस्तकांत यासाठी "ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आहे त्याला विचारा" असं सांगतात. आपल्या खेड्यांत तसं करू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. एका घरात तिघांचा वाढदिवस १ जूनला निघाला की काय करणार? आई, वडील, आजी-आजोबा अशी नावं चिठ्ठीवर लिहा आणि घरातल्या लहान मुलाला एक उचलायला सांगा. हे न करता "घरमालकच बोलतो" चालवून घेतलंत तर तुमचा सर्व्हे पुरुषांचा होईल. दाखला काढायला मात्र बऱ्याचदा आईच गेलेली असते.

टप्पा ४: प्रश्न लिहा, फिरवा, चाखून बघा

चुकीचे प्रश्न ओळखायला सोपे असतात, फक्त ते दुसऱ्याचे असावे लागतात. खाली नेहमी दिसणारे तीन आणि त्यांची दुरुस्ती.

"सीमाभागात मराठी शाळांवर अन्याय होतो असं तुम्हाला वाटतं का?" उत्तर प्रश्नातच आहे. त्याऐवजी: "तुमच्या गावच्या मराठी शाळेत आज किती शिक्षक आहेत? तुमचं मूल पहिलीत होतं तेव्हा किती होते?"

"इंग्रजीशिवाय भविष्य नाही म्हणून तुम्ही मूल कॉन्व्हेंटला घातलं का?" कारण तुम्हीच पुरवलंत. त्याऐवजी: "शाळा ठरवली त्या आठवड्यात काय काय झालं ते सांगा. कुठल्या शाळा बघितल्या? कुणाशी बोललात?"

"तुमची मातृभाषा कोणती?" आणि पुढे एकच चौकट. या भागातल्या कित्येक घरांत आई कानडी, बाप मराठी आणि गल्लीत दखनी उर्दू असते. जनगणनेतसुद्धा मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवायची सोय आहे. तुमच्या फॉर्मात ती का नसावी? "घरात मुलांशी कुठल्या भाषा बोलता?" असं विचारा आणि येतील तेवढ्या लिहून घ्या.

प्रश्नांचा क्रमही उत्तर बदलतो. आधी भाषेच्या हक्कांचे पाच प्रश्न विचारून मग शाळेचं कारण विचारलंत तर भाषेचंच कारण येईल. आधी फी विचारलीत तर पैशाचं. आधी कानावर पडलेली गोष्ट मन धरून ठेवतं. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये याचं टोकाचं उदाहरण मांडलं. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबे, आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश शेकडा किती असा अंदाज विचारला. १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काहीही संबंध नव्हता.

म्हणून कारण विचारणारा उघडा प्रश्न सगळ्यांत आधी. बाकीचे भाग दोन वेगवेगळ्या क्रमांनी छापा आणि घरागणिक आलटून-पालटून वापरा. दोन क्रमांत उत्तरं फार वेगळी आली तर तेही एक निरीक्षण आहे.

भाषांतर: कानडी फॉर्म एकाने करायचा आणि मूळ मराठी न बघितलेल्या दुसऱ्याने तो परत मराठीत आणायचा. दोन्ही मराठी फॉर्म शेजारी ठेवा. जिथे फरक दिसेल तिथला प्रश्न पुन्हा लिहा. बेळगावात अशी माणसं गल्लीगल्लीत मिळतात, तरी हे काम कुणी करत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

शेवटी, सोडतीत न आलेल्या एखाद्या गावात आठ-दहा घरं करून बघा. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, "मावशी, मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?" तिघी तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर प्रश्न मोडीत काढा.

तपासा: फॉर्म आता गोठला. यानंतर एकही शब्द बदलायचा नाही, "पहिल्या गावात अनुभव आला" म्हणूनसुद्धा नाही.

टप्पा ५: विचारणाऱ्याचा चेहरा

बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा, टाप आपटून उत्तर द्यायचा. मालक फसवत नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी नीट तपासलं तेव्हा दिसलं की विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की माणसाच्या मानेत, श्वासात नकळत बदल व्हायचा आणि घोडा तिथे थांबायचा. गावातली माणसं घोड्यापेक्षा नक्कीच हुशार आहेत. तुमच्या पेनाकडे बघूनच त्यांना कळतं की कुठलं उत्तर लिहिण्यासारखं होतं.

त्यामुळे:

फॉर्म भरून घेणाऱ्या सोबत्यांना टप्पा १ मधल्या पाकिटातलं काही सांगू नका.

भगवा गमछा नको, लाल-पिवळा नको, कुठल्या संघटनेचा बिल्ला नको, गाडीवरचा झेंडाही काढा.

"हो ना!", "बरोबर आहे" म्हणू नका. "बरं, आणखी काही?" एवढंच, आणि प्रत्येक उत्तराला तेवढंच.

उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. "पोराला इथं काय शिकवतच नाहीत की" याचं "शैक्षणिक दर्जाबाबत असमाधान" घरी आल्यावरसुद्धा करू नका. ते पुढच्या टप्प्याचं काम आहे.

आडनावावरून आणि बोलण्यावरून समोरचा माणूस तुम्हाला ओळखतो आणि उत्तर त्या ओळखीला दिलं जातं. हे टाळता येत नाही, मोजता मात्र येतं. कुठल्या घरी मराठी विचारणारा जाईल आणि कुठल्या घरी कानडी, ते नाणं उडवून ठरवा. भाषा मात्र उत्तर देणाऱ्याच्या पसंतीची. शेवटी दोघांच्या फॉर्मांची वेगळी बेरीज करा. विचारणाऱ्या मराठी मुलाला ४० घरांतल्या चाळीसही पालकांनी "मराठी शाळाच चांगली" सांगितलं आणि तशाच ४० घरांत कानडी मुलीला २२ जणांनीच, तर खरा आकडा कुठला? दोन्ही छापा. एकच छापलात तर तुम्ही निवड केलीत.

टप्पा ६: मुलांची वाचन-चाचणी घेत असाल तर

पुष्कळ जण "कुठल्या माध्यमाची मुलं चांगलं वाचतात" हेही जोडतात. नाही जोडलं तरी चालेल. जोडणार असाल तर उतारा कर्नाटकाच्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकाच्या पातळीचा घ्या. बालभारतीची पुस्तकं इथली मुलं वापरत नाहीत.

गुण देण्यातली गडबड जुनी आहे. स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीचा एकच पेपर शंभराहून जास्त शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतला, तर शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. आपल्या देशातला २०१२ सालचा एक अभ्यास याहून जवळचा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी मुलांच्या पेपरांच्या पहिल्या पानावर जात सोडतीने टाकली आणि शिक्षकांकडून ते तपासून घेतले. 'खालची' जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या निघाल्या. गठ्ठ्याच्या सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत तो जास्त होता, आणि तो जास्त करून त्याच समाजांतून आलेल्या शिक्षकांकडून झाला होता. म्हणजे आपण मराठी आहोत म्हणून मराठी मुलावर आपल्या हातून अन्याय होणार नाही, असं धरून चालू नका.

आपल्याकडे तो बोलीवरून होतो. "काय करतोस?" याला खानापूरकडचं पोर "खेळूलालो" म्हणतं. पुण्याच्या पुस्तकात वाढलेला परीक्षक तिथे फुली मारतो. बोलीतलं उत्तर बरोबर धरायचं, की वाचनातली अचूकता वेगळी मोजायची, हे पेपर हातात येण्याआधी लिहून ठेवा.

क्रम असा: नाव, गाव, शाळा फाडून त्या जागी कोड नंबर. बोलून घेतलेली उत्तरं रेकॉर्ड करा आणि गुण दुसऱ्या माणसाने द्या. एका मुलाचा अख्खा पेपर न तपासता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. अक्षर बघून मत बनायला तेवढीच कमी संधी. पहिले दहा पेपर शेवटी पुन्हा तपासा.

टप्पा ७: उत्तरांचे गठ्ठे करणं

उघड्या उत्तरांचे गट करताना सर्व्हेची चव ठरते. "तिथं इंग्लिश बोलायला शिकवतात आणि बस पण येते" हे वाक्य इंग्रजीत टाकायचं की वाहतुकीत? दोन्हीत टाकायची मुभा ठेवा आणि गटांची व्याख्या उत्तरं वाचण्याआधी लिहा.

दोघांनी एकमेकांचं न बघता सगळी उत्तरं गटांत घालायची. मग जुळणी बघायची. इथे एक सापळा आहे. समजा ५० उत्तरं, गट दोनच: इंग्रजी आणि इतर. दोघांनीही ४० उत्तरं इंग्रजीत टाकली, आणि ५० पैकी ४० वेळा दोघांचं जमलं. ८० टक्के! पण दोघंही डोळे मिटून पाचातली चार उत्तरं इंग्रजीत टाकत असते तरी योगायोगाने ६८ टक्के जुळणी झाली असती (०.८ × ०.८ आणि ०.२ × ०.२ यांची बेरीज). योगायोग वजा केला की उरतं (८० − ६८) भागिले (१०० − ६८), म्हणजे सुमारे ०.३८. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेलं हे माप 'कप्पा' नावाने चालतं. ०.३८ म्हणजे गट कच्चे आहेत. साधारण ०.७ च्या वर येईपर्यंत व्याख्या सुधारा आणि दोघांनी पुन्हा पहिल्यापासून गट करा.

सावधान: मतभेद झालेली उत्तरं "गाईड सांगतील तसं" सोडवू नका. पाकीट बंद असलं तरी तुमचा अंदाज काय आहे हे गाईडना बहुतेकदा माहीत असतं. तिसऱ्या, काहीच माहीत नसलेल्या माणसाकडे द्या.

टप्पा ८: पाकीट उघडा, मग लिहा

पाकीट सगळ्यांसमोर उघडा आणि तुमचा अंदाज जसाच्या तसा अहवालात छापा. जुळला तरी, फसला तरी.

पहिला तक्ता कारणांचा नसावा. किती घरं निवडली, किती भेटली, किती जणांनी नकार दिला, कुठली गावं राहिली, हे आधी. नकार एकाच वस्तीतून जास्त आले असतील तर तिथल्या उत्तरांवर जोर देऊन काही म्हणता येत नाही.

तालुके एकत्र करून सरासरी काढण्याआधी वेगवेगळे बघा. खानापूरच्या वाडीत अंतर, निपाणीत फी आणि बस, बेळगाव शहरात वडगाव-शहापूरकडे नोकरीची काळजी असं निघू शकतं, आणि सरासरीत तिन्ही विरघळून कुठेच खरं नसलेलं एक कारण वर येतं.

सगळे तक्ते करून मनासारखं काही निघालं नाही की मग वय, जात, बागायत-जिरायत असे तुकडे पाडत राहायचा मोह होतो. वीस तुकडे पाडले की एखादा योगायोगानेच चमकतो. पाकिटात नसलेला असा तुकडा सापडला तर तो "पुढे तपासायला हवा" या मथळ्याखाली लिहा, निष्कर्षात नको.

वार्ताहराचा फोन आला तर त्याला एका ओळीचं उत्तर हवं असतं. ती ओळ आधीच तयार ठेवा, आणि तिच्यात गावांची संख्या, घरांची संख्या आणि महिना असू द्या.

नावांची यादी आणि कोड नंबरांची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा. तोंडी परीक्षा झाली की नावांची यादी फाडून टाका. दोन पानांचा सारांश मराठीत आणि कानडीत करून सोडतीत आलेल्या प्रत्येक गावच्या एसडीएमसीला (शाळा विकास व देखरेख समितीला) द्या, मराठी शाळेच्या आणि कानडी शाळेच्याही.